गाडी किती देते?

आपल्याकडे गाडी ॲव्हरेज ‘देते’. मराठीत देते, हिंदीत देते, कन्नडमध्ये देते. मी राहते त्या हैदराबादच्या दखनीत तर नुसतं ‘कित्ता देती?’ एवढं विचारलं तरी पुरतं. काय देते ते सांगावं लागत नाही. तेलुगूतही देण्याचं क्रियापद चालतं, पण माझ्या सासरी ‘मैलेज एंत वस्तुंदि?’ असं विचारतात, म्हणजे मायलेज किती ‘येतं’. पगार यावा, पीक यावं, तसं.

अनुवाद करणाऱ्या माणसाला क्रियापदापाशी रेंगाळायची सवय असते. ‘गाय दहा लिटर दूध देते’ म्हणताना तिला वैरण काय घातली हे आपण बोलत नाही. ‘गाडी वीस देते’ या वाक्यातूनही वैरण गायब असते: कुठल्या रस्त्यावर, किती वेगाने, आत किती माणसं बसवून, एसी लावून की काचा खाली करून, आणि कोणाच्या पायाखाली. हीच गाडी तक्रारीच्या वेळी मात्र पेट्रोल ‘पिते’. जर्मनी-फ्रान्समध्ये अधिकृत आकडाच पिण्याचा असतो. शंभर किलोमीटरला किती लिटर लागलं ते तिथे मोजतात. आपण ब्रिटिशांच्या मैल आणि गॅलनच्या वाटेने आलो, म्हणून आपला हिशेब देण्याचा. पुढे किलोमीटर आले, लिटर आले, पण ‘मायलेज’मधला मैल काही गेला नाही.

गेल्या वर्षी आम्हाला गाडी बदलावी लागली. तेव्हा देणं आणि पिणं ही दोन्ही क्रियापदं आमच्या घरात दोन-अडीच महिने मुक्कामाला होती.

माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, एसटीत ड्रायव्हर होते. सोलापुरातून निवृत्त झाले. अडीच वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. बोलणं आठ-नऊ महिन्यांत बऱ्यापैकी परत आलं, हात थोडा आला, पाय फारसा आला नाही. तोवर ते माझ्याकडे यायचे ते एसटीनेच. सोलापूरच्या स्टँडवर बसायचे, ड्रायव्हरच्या मागची सीट पकडायचे आणि हैदराबादेत उतरले की त्या ड्रायव्हरने गिअर कुठे चुकीचा टाकला ते मला चहा पिताना सांगायचे. आता एसटीची पहिली पायरीच त्यांच्यासाठी उंच झाली. वर्षातले सात-आठ महिने ते भावाकडे सोलापुरात असतात, बाकीचे आमच्याकडे. शिवाय दर दोन-तीन महिन्यांनी इथल्या डॉक्टरांना दाखवायचं असतं. सोलापूर तीनशे किलोमीटरच्या थोडं पुढे. जाऊन-येऊन वर्षाला दहा फेऱ्या धरल्या तर सहा हजार किलोमीटर. शहरातलं आमचं फिरणंही तेवढंच.

अर्धं शहर आणि अर्धा हायवे, ही वाटणी गाडी निवडणाऱ्याला फार छळते. शहरात गुणी ठरणारी गाडी आणि हायवेवर गुणी ठरणारी गाडी बहुतेक वेळा वेगवेगळ्या असतात, कारण दोन्हीकडे इंधन वेगवेगळ्या कामावर खर्च होतं. शहरात ते थांबण्यात जातं. मेहदीपट्टणमच्या गर्दीत टनभर वजनाचं धूड इंजिनाने कसंबसं चाळीसच्या वेगाला आणायचं आणि लगेच ब्रेक दाबायचा. मिळवलेला सगळा वेग ब्रेकमध्ये उष्णता होऊन संपतो. सिग्नलला उभं असताना इंजिन चालू ठेवलं तर ॲव्हरेज शून्य. हायवेवर ब्रेक क्वचित लागतो, पण तिथे हवा कापत जावं लागतं. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ताशी ८० ऐवजी १०० ने गेलं की वेग सव्वापट होतो आणि हवेचा विरोध दीडपटीच्याही वर जातो. १२० ला तो ८० च्या सव्वादोन पट असतो. शहरात हलकी आणि लवकर उठणारी गाडी हवी, हायवेवर हवेला कमी अडणारी आणि निवांत फिरणाऱ्या इंजिनाची. आणि दोन्हीकडे एकच गाडी हवी, कारण पार्किंगची जागा एकच.

शोरूममध्ये मात्र हे दोन्ही रस्ते एका आकड्यात मिसळलेले असतात. त्याला बोलण्यात ‘एआरएआय मायलेज’ म्हणतात. ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही १९६६ साली सुरू झालेली पुण्यातली संस्था. तिचं आवार कोथरूडच्या बाजूच्या टेकडीवर आहे, आणि सकाळी फिरायला जाणारे पुणेकर त्या टेकडीलाही एआरएआयची टेकडी म्हणतात. देशभरातले लोक गाडीची किंमत विचारल्यावर जो दुसरा प्रश्न विचारतात, त्याच्या उत्तराला असं एका मराठी टेकडीचं नाव चिकटलेलं आहे.

ही चाचणी रोलरवर होते. गाडी जागची हलत नाही, फक्त चाकं फिरतात. एकूण वेळ १,१८० सेकंद, म्हणजे वीस मिनिटांहूनही कमी. शहरी वाहतुकीची नक्कल करणारा १९५ सेकंदांचा तुकडा चार वेळा, मग मोकळ्या रस्त्याचा ४०० सेकंदांचा एक तुकडा. एसी बंद. मूळ चाचणी युरोपातली. तिच्यात कमाल वेग ताशी १२० होता, आपल्याकडे आणताना तो ९० केला. हे वाचलं तेव्हा मला बरं वाटलं. भाषांतर नाही, चक्क रूपांतर आहे हे: कथानक तेच ठेवायचं आणि पात्रांना आपल्याकडच्या चालीने चालवायचं.

त्या आकड्याला खोटा म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला तो शब्दकोशातल्या अर्थासारखा वाटतो. शब्दकोश शब्दाला वाक्यातून बाहेर काढून रोलरवर ठेवतो आणि अर्थ मोजतो. तो अर्थ खरा असतो, सगळ्या शब्दांना एकच माप लावलेलं असतं, म्हणून दोन शब्दांची तुलना करायला त्याच्याइतकं भरवशाचं दुसरं काही नसतं. फक्त तो जसाच्या तसा उचलून वाक्यात बसवता येत नाही. वाक्यात आल्यावर शब्द किती देईल, ते शेजारच्या शब्दांवर ठरतं.

आमच्या घरात प्रत्येकाचं इंधन वेगळं होतं.

माझा नवरा हायब्रिडच्या बाजूचा. २०२२ मध्ये मारुतीची ग्रँड विटारा आणि टोयोटाची हायरायडर या जुळ्या बहिणी बाजारात आल्या. त्यांच्या स्ट्राँग हायब्रिड प्रकाराचा जाहीर आकडा लिटरला २७.९७ किलोमीटर. एवढ्या आकाराच्या पेट्रोल गाडीसाठी हा आकडा थक्क करणारा होता. त्यामागची युक्ती साधी आहे: ब्रेक दाबल्यावर जो वेग उष्णता होऊन जायचा, त्यातला काही भाग मोटर उलटी फिरवून बॅटरीत साठवायचा आणि पुढच्या सिग्नलला गाडी उठवायला तोच वापरायचा. जिथे ब्रेक जास्त लागतो तिथे हायब्रिडची कमाई जास्त. म्हणजे ती मेहदीपट्टणमची गाडी. सोलापूरच्या रस्त्यावर तासभर ब्रेकच लागला नाही तर परत मिळवायलाही फारसं काही उरत नाही; तरी तिचं इंजिन मुळातच काटकसरी घडणीचं असल्याने ती तिथेही वाईट नाही.

भाऊ सीएनजीवाला. सोलापुरात त्याच्या ओळखीतले निम्मे लोक सीएनजीवर आले होते. त्याचा युक्तिवाद एका वाक्याचा होता: ‘ही किलोला तीस देते, तुमची ती लिटरला वीस.’ इथे माझ्यातली अनुवादक मध्ये पडली. एका किलो सीएनजीत एका लिटर पेट्रोलच्या जवळपास दीडपट ऊर्जा असते. किलोला तीस आणि लिटरला वीस हे एकाच गुणवत्तेचे दोन उच्चार झाले. गॅसचा खरा फायदा त्याच्या दरात आहे, इंजिनाच्या काटकसरीत नाही. पण दराचा फायदाही खिशाला फायदाच असतो, आणि भावाने ते लगेच ऐकवलं.

सीएनजीची आमची अडचण वेगळीच होती. एक तर सिलिंडर डिकीत बसतो आणि आमच्या डिकीत घडीची व्हीलचेअर बसायला हवी होती. यावर तोडगा निघालेला आहे. टाटाने २०२३ पासून एका मोठ्या सिलिंडरऐवजी दोन लहान सिलिंडर डिकीच्या तळाखाली बसवायला सुरुवात केली, त्यामुळे वर बरीच जागा उरते. दुसऱ्या अडचणीवर मात्र कोणाकडेच तोडगा नव्हता. हा गॅस सुमारे २०० बारच्या दाबाने भरतात, आणि भरताना गाडीतल्या प्रत्येकाने खाली उतरून बाजूला उभं राहायचं असतं. नियम योग्यच आहे. पण आप्पांना उतरवायचं म्हणजे डिकीतून खुर्ची काढायची, उघडायची, चाकांचे ब्रेक लावायचे, त्यांचे पाय एकेक करून बाहेर घ्यायचे, मग त्यांना उभं करून वळवून बसवायचं. घाई न करता नऊ मिनिटं. परत चढवायला त्याहून थोडी जास्त. हे मे महिन्यात, पंपावरच्या रांगेत, मागच्या रिक्षांचे हॉर्न ऐकत करायचं, आणि तीनशे किलोमीटरच्या प्रवासात एकदा तरी करायचं. गॅस संपला तर गाडी पेट्रोलवर चालतेच. पण तसं चालवायचं असेल तर सिलिंडरचं ओझं कशाला वाहायचं? मी भावाला फोनवर एवढंच म्हटलं, ‘दादा, वर्षाला पैसे वाचतील, पण आप्पांना वीस वेळा उतरवावं लागेल.’ तो गप्प झाला. मग म्हणाला, ‘राहू दे.’

मुलगी सोळा वर्षांची. तिच्या मते आम्ही अजून पेट्रोलबद्दल बोलतोय हेच हास्यास्पद होतं. इलेक्ट्रिक गाडी एका युनिटला सहा-सात किलोमीटर जाते, आणि घरी चार्ज केली तर किलोमीटरचा खर्च पेट्रोलच्या पाव-पंचमांशावर येतो. तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. शिवाय पेट्रोल गाडीच्या नेमकं उलट, इलेक्ट्रिक गाडी शहरात जास्त देते आणि हायवेवर कमी. ती हटली तर फक्त आमच्या इमारतीपुढे. आमचं पार्किंग तळघराच्या दुसऱ्या मजल्यावर आहे आणि तिथवर आपल्या मीटरची वायर न्यायला सोसायटीने अजून परवानगी दिलेली नाही. घरी चार्जिंग नसेल तर त्या गाडीचं अर्धं गणित कोसळतं. परवानगीचा अर्ज मुलीने स्वतः लिहून दिला आहे. पुढची गाडी तिच्या मताची असेल असं दिसतं.

आणि आप्पा अर्थातच डिझेलवाले. आयुष्यभर त्यांनी दुसरं काही चालवलेलं नाही. हायवेला डिझेलला अजूनही तोड नाही हे खरं आहे. पण १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि त्यासोबत डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारा फिल्टर आला. ही काजळी जाळून फिल्टर मोकळा व्हायला गाडी अधूनमधून एका लयीत, तापलेल्या इंजिनाने, बराच वेळ चालावी लागते. रोज शहरात आठ-दहा किलोमीटर रेंगाळणाऱ्या गाडीचा फिल्टर तुंबतो. हे मी आप्पांना समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘म्हणजे गाडीलापण आता फिरायला न्यावं लागतं.’

नवऱ्याने एक्सेलची शीट केली होती. मी तिच्यात एक रकाना वाढवला: शंभर किलोमीटरला किती लिटर. हा रकाना प्रत्येकाने एकदा मांडून बघावा. दहा देणारी गाडी बदलून पंधरा देणारी घेतली, तर शंभर किलोमीटरमागे ३.३३ लिटर वाचतात. वीस देणारी बदलून पंचवीस देणारी घेतली, तर वाचतो फक्त एक लिटर. दोन्हीकडे वाढ पाचचीच. देण्याच्या भाषेत दोन्ही उड्या सारख्या दिसतात. पिण्याच्या भाषेत नेल्यावर एक दुसरीच्या तिप्पट निघते. मुळात ज्या गाड्या बऱ्यापैकी काटकसरी आहेत, त्यांच्यातल्या फरकाला आपण जाहिरातीच्या आवाजामुळे फार मोठं समजतो. खरी बचत वाईट गाडी रस्त्यावरून काढण्यात आहे.

मग आमचा हिशेब. साधी पेट्रोल गाडी शहर-हायवे मिळून प्रत्यक्षात १६ देईल असं धरलं आणि हायब्रिड २२. वर्षाला १२ हजार किलोमीटर. पहिलीला ७५० लिटर लागतात, दुसरीला ५४५. फरक साधारण २०५ लिटरचा. तेव्हा हैदराबादेत पेट्रोल लिटरला १०७ रुपयांच्या पुढे होतं. म्हणजे वर्षाला बावीस हजार रुपये. आम्ही बघितलेल्या प्रकारांत हायब्रिड आणि साध्या पेट्रोलच्या ऑन-रोड किमतीतला फरक तीन लाखांवर होता. तो भरून यायला साडेतेरा-चौदा वर्षं लागली असती. वर्षाला तीस हजार किलोमीटर फिरणाऱ्याला तेच पैसे साडेपाच-सहा वर्षांत परत मिळतात. त्याने डोळे मिटून हायब्रिड घ्यावी. आम्ही तेवढे फिरत नाही.

नवरा म्हणाला, ‘हिशेब फक्त पैशाचाच करायचा का?’ एक लिटर पेट्रोल जळलं की सव्वादोन किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. दोनशे लिटरचा साडेचारशे किलोहून जास्त होतो, दरवर्षी. हा मुद्दा मी खोडला नाही. तो खोडण्यासारखा नाहीच.

शेवटी निवड झाली ती मोजपट्टीने. आमच्या जुन्या गाडीची सीट इतकी खाली होती की आप्पांना तिच्यात बसवताना आम्ही दोघंही कमरेतून वाकायचो आणि काढताना तिघांचेही श्वास फुलायचे. मोठ्या एसयूव्ही याच्या उलट. तिथे त्यांना वर उचलावं लागलं असतं. त्यांच्या व्हीलचेअरची बैठक जमिनीपासून ५० सेंटीमीटरवर आहे. गाडीची सीट तिच्याहून थोडीच वर असेल, तर माणूस उभा राहून वळतो आणि बसतो. उचलणं लागत नाही. फिजिओथेरपिस्टने आणखी एक गोष्ट शिकवली होती: माणसाला नेहमी त्याच्या धडधाकट बाजूकडे हलवायचं. आप्पांची डावी बाजू चांगली. ते बसणार ड्रायव्हरच्या शेजारी, डाव्या दारातून. म्हणून खुर्ची गाडीच्या उलट्या तोंडाने लावायची, की गाडी त्यांच्या डाव्या हाताला येते. पण मग दार आणि सीट यांच्या मध्ये खुर्चीला आणि धरणाऱ्या माणसालाही जागा हवी. साठ-सत्तर अंशांत अडकणाऱ्या दाराने ती मिळत नाही.

आम्ही सहा शोरूम फिरलो, व्हीलचेअर आणि शिवणकामाची टेप घेऊन. सेल्समन मुलं आधी गोंधळायची, टचस्क्रीन दाखवायला लागायची, मग मात्र स्वतःच टेपचं दुसरं टोक धरायची. एका ठिकाणच्या मुलाने आपल्या आजीला याच दारातून कसं बसवतो ते करून दाखवलं. त्या गाडीचं दार सरळ काटकोनात उघडत होतं. सीट खुर्चीपेक्षा चार बोटं वर. डिकीत खुर्ची आडवी मावत होती. अपघात-चाचणीत तिला चांगले तारे होते. हिवाळ्यात सोलापूरच्या रस्त्यावर दिवे नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या चालतात, त्यामुळे ताऱ्यांवर तडजोड करायची नाही हे आधीच ठरलं होतं. पेट्रोल, छोटं इंजिन, ऑटोमॅटिक. तिचा जाहीर आकडा आम्ही बघितलेल्यांपैकी सर्वांत मोठा नव्हता, तसा बराच खाली होता. गाडीचं नाव लिहीत नाही. लिहिलं की लेखाची जाहिरात होते, आणि ज्याच्या घरातले गुडघे वेगळे त्याची गाडी वेगळी.

मला धाकधूक होती ती आप्पांना तो आकडा सांगायची. एसटीत ॲव्हरेजला ‘केपीटीएल’ म्हणतात, म्हणजे दहा लिटरला किती किलोमीटर. लिटरऐवजी दहा लिटर का, तर बस एका लिटरला साडेचार-पाच किलोमीटरच जाते. दहाने गुणलं की ४५ आणि ४६ मधला फरक डोळ्यांत भरतो. डेपोत प्रत्येक ड्रायव्हरचा केपीटीएल लिहिला जायचा आणि आप्पांचा नेहमी वरच्यांत असायचा. आमच्या लहानपणी त्यांना राग आला की तो केपीटीएल कमी पडलेला दिवस असणार असं आई म्हणायची.

आकडा ऐकून ते म्हणाले, ‘माझ्या गाडीपेक्षा चौपट आहे की.’ मग जरा वेळाने, ‘पण माझ्या गाडीत चव्वेचाळीस माणसं असायची.’

मी तो हिशेब नंतर मांडला. साडेचार किलोमीटर गुणिले ४४ माणसं: भरलेली एसटी एका लिटरमध्ये जवळजवळ दोनशे प्रवासी-किलोमीटर देते. आमची गाडी चौघं बसून हायवेवर अठरा दिले तर बहात्तर. सत्तावीस देणारी हायब्रिड चौघांना घेऊन १०८. आणि तीच हायब्रिड एकट्याने ऑफिसला नेली तर सत्तावीसच. आपण ज्या आकड्यावर घरात भांडतो त्यात माणसं मोजलेलीच नसतात. नवऱ्याच्या मुद्द्याला माझ्याकडे असलेलं अर्धंमुर्धं उत्तर तिथे सापडलं. सोलापूरला मला एकटीला जायचं असेल तेव्हा मी आता एसटीने जाते. वर्षाला अशा तीन फेऱ्या झाल्या तरी शंभर लिटर पेट्रोल वाचतं, हायब्रिडने वाचवलं असतं त्याच्या निम्मं. उरलेलं निम्मं माझ्या नावावर राहतं.

गाडीला आता आठ महिने झाले. ॲव्हरेज मोजायची आमची पद्धत जुनीच, टाकी फुल ते टाकी फुल: एकाच पंपावर भरायचं, नोझल आपोआप बंद झालं की थांबायचं, ट्रिपमीटर शून्य करायचा, पुढच्या वेळी पुन्हा फुल करून भागाकार. नोंदी आप्पा ठेवतात, डाव्या हाताने, मुलीने दिलेल्या वहीत. रकाना अर्थात केपीटीएलचा. शहरात १३० च्या आसपास, एसी लावून. हायवेला ताशी ८०-८५ ने १८० च्या वर. एकदा आम्हाला डॉक्टरांची वेळ गाठायची होती, नवऱ्याने जहीराबादपर्यंत शंभरचा काटा खाली येऊ दिला नाही. त्या टाकीसमोर १५५ लिहिलेलं आहे आणि पुढे कंसात ‘घाई’. टायरमधली हवा कमी निघाली त्या आठवड्याची नोंदही वहीत आहे. निघण्यापूर्वी टायर ठोकून बघायची त्यांची सवय गेलेली नाही, फक्त आता ते मला ठोकायला लावतात आणि आवाज ऐकतात.

पेट्रोलही पूर्वीचं राहिलेलं नाही. त्यात आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि लिटरभर इथेनॉलमध्ये लिटरभर पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्या हिशेबाने टाकीतल्या प्रत्येक लिटरचं बळ सहा-सात टक्क्यांनी उतरलं, माप मात्र लिटरचंच राहिलं. इथेनॉल येतं मोठ्या प्रमाणावर उसातून, आणि सोलापूर जिल्हा साखर कारखान्यांचा. ज्या ट्रॉल्यांना चुकवत आम्ही जातो त्यातलाच थोडा ऊस आमच्या टाकीत असणार, असं मुलगी म्हणते.

गाडी मी चालवत असले की आप्पा शेजारी बसतात आणि त्यांची नजर माझ्या उजव्या पायावर असते. उमरगा सोडल्यावर मोठा उतार दिसू लागला की ते आधीच म्हणतात, ‘सोड.’ म्हणजे ॲक्सिलरेटर सोड. न्यूट्रल करायचं नाही, गिअरमध्येच ठेवायची. त्यांनी हे ब्रेकच्या भीतीने शिकलेलं. न्यूट्रलमध्ये उतरणारी भरलेली बस थांबवणं काय असतं ते त्यांनी बघितलेलं आहे. आजच्या इंजिनात हीच सवय इंधनाचीही ठरते: गिअरमध्ये असताना पाय पूर्ण काढला की इंजिनाला जाणारं पेट्रोलच बंद होतं, गाडीच इंजिनाला फिरवते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहायला थोडं पेट्रोल लागतंच. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांना त्यात नवल वाटलं नाही. ‘ॲव्हरेज गाडी देत न्हाई,’ ते म्हणाले, ‘पाय देतो.’ त्यांचा स्वतःचा तो पाय पुढच्या चटईवर आम्ही ठेवला होता तिथेच, तसाच होता. त्यांनी त्याच्याकडे बघितलं नाही, रस्त्याकडे बघत होते. समोर एक ट्रक हळू झाला होता.

इमारतीतले लोक अजून विचारतात, नवी गाडी किती देते? मी तिन्ही भाषांत उत्तर देऊन बघितलं आहे, आणि एका आकड्यात ते मावत नाही. आप्पा शेजारी असले की अठरा पॉइंट चार. नवरा घाईत असला की साडेपंधरा. शाळेसमोर मुलीची वाट बघत एसी लावून उभी असले की काहीच नाही.